बालासिनोरची कवटी आणि आपली खोटी साक्ष



डायनासोरची हाडे सैतानाने माणसाला फसवण्यासाठी जमिनीत पुरून ठेवली, असा एक संदेश सध्या आपल्या प्रार्थना-गटांत फिरतो आहे. खाली ‘आमेन’ची रांग! आम्ही धर्मशिक्षक गप्प राहिलो तर ती संमतीच ठरेल, म्हणून स्पष्ट सांगतो: हे श्रद्धेचे रक्षण नव्हे, देवाच्या नावावर खपवलेले असत्य आहे. हाडे घडवण्याचे सामर्थ्य सैतानाला बहाल करून आपण निर्मात्याचा मान कुणाच्या पदरात टाकतो, याचा तरी विचार व्हावा.

आपल्या वडोद्याहून बालासिनोर काही लांब नाही. तिथल्या रैयोली गावाजवळ 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी हाडे गोळा केली. त्यांतल्या एका मांसाहारी प्राण्याला 2003 मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळाले. कवटीचा काही भागच हाती आला. पण त्यावर कपाळाशी एक बुटके शिंग आहे. मादागास्करच्या माजुंगासॉरसच्या कपाळावरही असाच एक जाड उंचवटा. अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसला मात्र डोळ्यांवर दोन शिंगे. शिंगे निराळी, पण कवटीची घडण एकाच घराण्याची, चुलत भावंडांची नाके असतात तशी. समुद्रापार हे गणगोत कसे? हे सारे भूभाग एकेकाळी गोंडवन या एकाच खंडात होते. भारत मादागास्करपासून सुटला तो सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी. पूर्वज एक, वंशज दुरावले, ज्याच्या त्याच्या कपाळी वेगळे शिंग आले. उत्क्रांती म्हणतात ती हीच.

“हे सगळे नोहाच्या जलप्रलयात बुडाले,” असे काहीजण म्हणतात. त्याच परिसरात दगड झालेल्या अंड्यांची घरटी सापडली आहेत. महापुरात कोण घरटे करत बसेल?

ख्रिस्तसभेला याची भीती नाही. मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास पोप पायस बारावे यांनी 1950 मध्येच मोकळीक दिली. आत्मा थेट देवाकडून, एवढे मात्र सोडले नाही. ही केवळ कल्पना उरलेली नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये मान्य केले. मग आपणच का घाबरावे?

आमची चिंता बारावीच्या मुलांची आहे. शिंगाबद्दल खोटे सांगणारा धर्मशिक्षक रिकाम्या कबरीबद्दल खरे सांगतो, असे त्यांनी का मानावे? संत ऑगस्टीन यांनी हाच इशारा दीड हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे.

यंदा दृढीकरण-वर्गाची सहल आम्ही रैयोलीला नेत आहोत. संदेश पाठवणाऱ्यांसाठी बसमध्ये दोन जागा राखून ठेवल्या आहेत.