शड्डू कसा ठोकतात, मुलांना दाखवा

सिंगापूरमध्ये यिशुनच्या आमच्या ब्लॉकखाली रोज सकाळी एक कँटनीज आजोबा कुंग फूची घोडाबैठक घालतात. लिफ्ट दुरुस्त करायला कुणी आलं की त्याला ‘सीफू’ म्हणून हाक मारतात. सीफू म्हणजे आपला वस्ताद. पण टॅक्सीवाला, आचारी, हाताला कसब असलेला कुणीही त्या मानाचा धनी. अर्धवट शिकलेल्याची विद्या ‘तीन पायांच्या मांजराची’. आणि गळ्यात पडलेलं काम अलगद दुसऱ्याकडे सरकवणं म्हणजे ‘ताय ची खेळणं’. समोरच्याचा जोर अंगावर न घेता वळवून द्यायचा, हेच त्या विद्येचं मर्म. इथल्या ऑफिसांत इंग्रजीत बोलणारेही हे सर्रास म्हणतात.

आजोबांच्या नातवंडांना मात्र ते मांजर कळत नाही. एके काळी ली दाइ सो हे कथाकार रेडिफ्यूजन या रेडिओसेवेवरून कँटनीजमध्ये कथा सांगत आणि घरंच्या घरं कान देऊन ऐकत. 1979 मध्ये ‘मँडरिन बोला’ मोहीम आली आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच असे कार्यक्रम बंद झाले. घरात मुख्यतः चिनी बोली बोलणारे 2010 मध्ये 14.3 टक्के होते, 2020च्या जनगणनेत 8.7 टक्के उरले. (कोट्यवधी लोकांच्या भाषेला ‘बोली’ म्हणणं मला अजूनही पटत नाही.) यिशुन हे नावसुद्धा उद्योजक लिम नी सून यांच्या तेओच्यू भाषेतल्या नावाचा मँडरिन उच्चार आहे. चिनी समाजाला एक सामाईक भाषा हवी होती, हे मान्य. त्यासाठी आजी-आजोबांची भाषा रेडिओवरून उठवायला नको होती.

हे मला लागतं, कारण आमच्याही घरात तेच होऊ घातलंय. इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू घेता येते, मराठी नाही. मग आमची मुलं हिंदी घेतात. निवडणुकीच्या बातम्यांत कुणी शड्डू ठोकला, कुणाला धोबीपछाड मिळाली, की माझी मुलगी माझ्या तोंडाकडे बघते. तालीम, तांबडी माती, काहीच तिने पाहिलेलं नाही. परवा हॉलमध्ये चटई टाकली, मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला. मग तिला खांद्यावरून अलगद पाठीवर उतरवलं; धोबी कपडा आपटतो तसा हा डाव, असं सांगितलं. आता भाऊ कॅरममध्ये हरला की ती त्याला ‘चीतपट’ म्हणते.

मराठी शाळेत येईल तेव्हा येईल, त्यासाठी मागणी करत राहूच. तोवर परदेशातल्या मराठी आईबापांनी हे शब्द घरात रोज वापरावेत आणि जमेल तो डाव मुलांना करून दाखवावा.