महाविद्यालयातील नोकरी : पुढची पायरी कोणती?

घरातील मुलगा किंवा सून महाविद्यालयात शिपाई, परिचर म्हणून लागली की पेढे वाटले जातात. नोकरीचा विषय तिथेच संपतो आणि तीस वर्षांनी माणूस त्याच जागेवरून निवृत्त होतो. वाचकहो, आमचे म्हणणे असे की, नोकरी लागली त्या दिवशी हा विषय सुरू व्हायला हवा.

जुन्नरचे श्री शिवछत्रपती, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे, मंचरचे अण्णासाहेब आवटे, घोडेगावचे बी. डी. काळे ही सारी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. अशा महाविद्यालयांतील अनुदानित पदांना शासनाचे सेवानियम लागू असतात आणि त्या नियमांत पायऱ्या ठरलेल्या आहेत.

शिक्षकेतर नोकरीत तळाला शिपाई, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा परिचर ही पदे. त्यांच्या वर कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, कार्यालय अधीक्षक. विद्यापीठात लिपिकांच्या वर सहायक कक्षाधिकारी, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव आणि शेवटी कुलसचिव.

शिपायाला लिपिक व्हायचे तर शिक्षण, टंकलेखन आणि सेवाज्येष्ठता या तीन गोष्टी बघितल्या जातात. लिपिक-टंकलेखकाला साधारणपणे मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते, सोबत एमएस-सीआयटी. शिक्षण अर्धवट सुटले असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीच निघाले. ग्रंथालय परिचराने तेथून पदवी आणि ग्रंथालयशास्त्र केले, तर सहायकाची वाट मोकळी होते. प्रयोगशाळेतल्याने विज्ञान शाखा सोडू नये.

शिकवण्याच्या बाजूला सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशा पायऱ्या. पहिल्या पायरीसाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना ५० टक्के चालतात. सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेते. २०१८ च्या नियमांप्रमाणे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. पुढची वेतनश्रेणी पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी, नसेल तर ६ वर्षांनी. ग्रंथपालाची सुरुवातही याच श्रेणीत होते.

इथे एक सावधगिरी. सेट झालेली आपली कितीतरी मुले तासिका तत्त्वावर शिकवतात. तासांचे पैसे मिळतात, पण नोकरीची शाश्वती नाही, सुट्टीचा पगार नाही, वर चढणे नाही. ते काम करावे, पण कायम पदांच्या जाहिरातींवरची नजर काढू नये. सरळसेवेत अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत. जातवैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. जाहिरात आल्यावर धावपळ करून ते हाती येत नाही.

पदोन्नतीचे दुखणे वेगळे आहे. पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द ठरवला. पुढे ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नत्या सेवाज्येष्ठतेने करायचे ठरले. अशा वेळी ज्येष्ठता यादीतला आपला क्रमांक हीच आपली शिदोरी. यादी लागली की रुजू झाल्याची तारीख, जन्मतारीख, शिक्षण, प्रवर्ग स्वतः वाचून पाहावे. चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कागदावर येत नाही. यादी किंवा बिंदुनामावली दाखवत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपयांच्या अर्जावर मागता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

एकजुटीचेही महत्त्व आहे. ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना पूर्ववत व्हावी, म्हणून विद्यापीठे व महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये संप केला. संघटनेच्या बैठकीला आपल्या माणसांनी मागच्या रांगेत बसू नये.

आयाबहिणींना एक विनंती. घरातला कर्मचारी संध्याकाळी टंकलेखनाच्या वर्गाला निघाला तर त्याला दळणाला पाठवू नका. सून शिकत असेल तर तिच्या परीक्षेच्या महिन्यात चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी. डॉ. बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. आपल्या वस्तीतला शिपाई निदान वरिष्ठ लिपिक होऊन निवृत्त व्हावा, एवढी तयारी आपण घरातून करू शकतो.