मायक्रोबायोलॉजी शिकणारी पोरे आणि बापाचे शेत



बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या सायन्स कॉलेजात गर्दी होते. मेडिकल हुकलेले, कृषी महाविद्यालयाच्या यादीत नाव न लागलेले पोर बी.एस्सी.ला येते आणि त्यातली बरीच जण मायक्रोबायोलॉजी घेतात. नाव भारदस्त आहे, दवाखान्याच्या जवळचे वाटते. पुष्कळ ठिकाणी ही तुकडी विनाअनुदानित असते. म्हणजे फी जास्त, आणि ती कपाशीच्या पहिल्या वेच्यातून भरायची. तीन वर्षांनी पोर पदवी घेऊन येते तेव्हा घरात कोणालाच कळत नाही की हे शिकले काय. पुढे एखाद्या औषध कंपनीत नाही तर रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये ते लागते आणि खोलीचे भाडे देऊन जे उरेल त्यात राहते. बाप मात्र इकडे कृषी केंद्रवाला देईल ती पुडी मुकाट्याने घेऊन येतो.

माझे म्हणणे असे की मायक्रोबायोलॉजी हा शेतकऱ्याच्याच पोराने शिकायचा विषय आहे. तो शिकवण्याची तऱ्हा तेवढी शेताकडे पाठ करून बसली आहे.

या शास्त्राचा जन्मच मुळी शेतकऱ्याच्या अडचणीतून झाला. १८६५ साली लुई पाश्चर फ्रान्समधल्या आलेस भागात गेला तो रेशमाच्या किड्यांचा रोग शोधायला. तिथले रेशीम उत्पादक बुडाले होते. जनावरांच्या फाशी रोगावरची लस त्याने १८८१ साली सर्वांसमक्ष टोचून दाखवली, तीही पुई-ल-फोर गावच्या शेतावर, मेंढ्यांना. शेंगवर्गीय पिकांच्या मुळावरील गाठीतला जिवाणू १८८८ साली हॉलंडच्या बायरिंकने वेगळा काढला. आणि क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन? ते १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या शेतकी विभागात, तळघरातल्या खोलीत सापडले. शोधणारा आल्बर्ट शाट्झ शेतावर वाढलेला. मृदाशास्त्र शिकला होता तो शेतीच करावी म्हणून. भरपूर शेणखत घातलेल्या मातीतून त्याने तो जीव काढला. १९५२ चे नोबेल मिळाले त्याच्या प्राध्यापकांना, वाक्समन यांना. शाट्झला सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली तीसुद्धा त्याने कोर्टात दावा लावला तेव्हा. घाम एकाचा आणि दाम दुसऱ्याचा, हे आपल्याला काही नवे नाही. कपाशीच्या करप्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर आपण वर्षानुवर्षे जी स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी मारली, तिच्यात मुख्य औषध हेच.

आता आपल्या बियाण्याच्या पिशवीकडे या. पेरणीच्या वेळी तुरीला, हरभऱ्याला, सोयाबीनला रायझोबियमचे पाकीट आपण घेतो. जिवाणू खते २००६ साली खत नियंत्रण आदेशाखाली आली. त्या आदेशाप्रमाणे रायझोबियमच्या भुकटीच्या एका ग्रॅममध्ये निदान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूप असेल तर एका मिलिलिटरमध्ये १० कोटी. कागदावर हे छानच आहे. पण ते पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडून असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या त्या उन्हात माणूस कासावीस होतो, तिथे जिवाणू कसा जगेल? युरिया गोदामात पडला तर ढेकळे होतील, पण युरियाच राहील. जिवाणू मेला की उरतो फक्त काळा भुगा, आणि नुसत्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

हे ओळखण्याची विद्या तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना येते. पाकिटातला १ ग्रॅम भुगा ९ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात हलवायचा, त्यातले १ मिलिलिटर पुढच्या ९ मध्ये, असे करत सहाव्या नळीपर्यंत जायचे. सहाव्या नळीत मूळ माल १० लाख पट पातळ झालेला असतो. तिच्यातले १ मिलिलिटर पेट्रीडिशमध्ये आगरबरोबर ओतायचे आणि डिश उबवणी यंत्रात ठेवायची. पाकीट प्रमाणाप्रमाणे असेल तर बशीत ५० च्या आसपास ठिपके उठायला हवेत. सोयाबीनचा जिवाणू सावकाश वाढतो, त्याला आठवडा द्यावा लागतो. पाचच ठिपके उठले तर आपण एक दशांश माल घेतला आणि पैसे पूर्ण मोजले. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूची परीक्षा तर बघण्यासारखी असते. पिकोव्हस्कायाच्या दुधी आगरवर तो खरा असेल तर ठिपक्याभोवती स्वच्छ पारदर्शक कडे पडते. कडे नाही तर काम नाही. अंगठेबहाद्दर म्हातारीलाही ते दिसेल.

मग कॉलेजे करतात काय? अभ्यासक्रमात मातीच्या आणि शेतीच्या जिवाणूंचा भाग असतो, नाही असे नाही. पण प्रात्यक्षिकाला गाठींची विकत आणलेली स्लाइड दाखवून मोकळे होतात. कॉलेजच्या कुंपणापलीकडे तूर उभी असते.

ज्वारीचे तेच. खरीप ज्वारी दाणे भरताना पावसात सापडली की काळी पडते आणि व्यापारी रंग बघून भाव पाडतो. काळेपणा बहुधा कर्व्ह्युलारियासारख्या बुरशीचा, तर पांढरट-गुलाबी बुरशी फ्युजेरियमची. या दुसरीकडे जास्त लक्ष द्यायला हवे. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही खेड्यांत पावसाने भिजून बुरसलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसे पोटदुखीने आणि हगवणीने आजारी पडली. त्या धान्यात फ्युजेरियमचे फ्युमोनिसिन हे विष सापडले. म्हणजे रंगाला भाव पाडणारा व्यापारी विष मोजत नाही, आणि घरी ठेवलेली ज्वारी खाणारे आपणही मोजत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पोर बुरशी कोणती ते सांगेल, विष किती ते नाही. त्याला मोठी प्रयोगशाळा लागते. पण कोणते पोते तिथे पाठवायचे, एवढे तरी कळेल.

बीटीबद्दल एकच सांगतो. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, जमिनीत राहणारा जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये रेशमाच्या मेलेल्या अळीत तो प्रथम दिसला. बीटी कपाशीला आपल्याकडे परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. पुढे गुलाबी बोंडअळी तिला सरावली आणि २०१७ च्या हंगामात आपली बोंडे किडली. बाजूने बोलणारे काय आणि विरोधात बोलणारे काय, गावात येऊन दोघेही भाषण करून गेले. गावातल्याच पोरीने उठून अळी कशी सरावते ते सांगितले असते तर वाद जरा शहाणपणाचा झाला असता.

कोणी म्हणेल, कॉलेजचा दाखला कायद्याने चालत नाही. खरे आहे. खटल्यासाठी खत निरीक्षकाने रीतसर घेतलेला नमुनाच लागतो. पण बशीत काही उगवले नाही, एवढे हातात घेऊन निरीक्षकाच्या टेबलापुढे जाणे आणि 'माल खोटा वाटतो' म्हणत जाणे यात फरक आहे. त्याच लॉटचा नमुना घ्या, असे आपण नेमके सांगू शकतो. जिवाणूने भाव मिळणार नाही, तेही मला माहीत आहे. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती चालूच राहील. पण खोट्या मालावर पैसे घालून त्या लढाईला जाण्यात शहाणपण नाही.

या जिल्हा बैठकीत माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक तालुक्यातून दोघा-तिघांनी जवळच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना भेटावे आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आपल्या दुकानातली पाकिटे, आपल्या वावरातल्या मुळ्या, आपल्या कोठारातली ज्वारी देऊ करावी. आगर महाग असते. त्याचा खर्च गावाने वर्गणी काढून द्यावा, फुकट मागू नये. पाकीट पेरणीच्या आधी दोन आठवडे घ्या म्हणजे निकाल वेळेत हाती येईल. पावती घ्या, लॉट नंबर आणि मुदतीची तारीख वहीत उतरवा. पाकीट फोडू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून सकाळच्या एसटीने न्या, आणि सामानाबरोबर टपावर टाकू नका.