पाण्याची वहिवाट

पुण्याच्या पेठांतील जुने वाडे उतरवून त्यांच्या जागी ज्या चारपाच मजली इमारती गेल्या काही दशकांत उभ्या राहिल्या, त्यांतील पुष्कळांना तळघरे आहेत. आणि जागेचा भाव जसजसा चढत गेला तसतसे, आरंभी ज्या तळघरांत मोडके सामान, सायकली आणि पाण्याचा पंप एवढेच असे, तेथे प्रथम एखादी कचेरी, मग शिकवणीचा वर्ग, मग स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका असा वापर वाढत जाऊन, आता तेथे घरातीलच कोणी राहावे, निदान गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांची निजण्याची सोय तेथे व्हावी, असा विचार अनेक कुटुंबांत बोलला जाऊ लागला आहे. पावसाळ्यात या स्तंभाकडे जी पत्रे येतात त्यांत विचारणा बहुधा एकच असते: भिंतीला आतून कोणता लेप द्यावा म्हणजे ओल कायमची थांबेल? लेपांची बाजारात वाण नाही. परंतु माझे मत असे आहे, आणि ते मी पूर्ण जबाबदारीने मांडतो, की पुण्याच्या जमिनीखाली पाण्याची स्वतःची वहिवाट आहे, ती आपल्या इमारतींहून फार जुनी आहे, आणि जो मालक तिची चौकशी न करता केवळ आतून भिंत रंगवतो, त्याला तो खर्च दर दोनतीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो.

ज्या काळ्या पाषाणावर हे शहर वसले आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या एकावर एक बसलेल्या थरांचा आहे. हातात घेतलेला त्याचा तुकडा अभेद्य वाटतो, परंतु जमिनीत तो अखंड नसतो. रस निवताना पडलेल्या भेगा, दोन थरांच्या मध्ये सापडणारे तांबड्या मातीचे पट्टे, आणि वरच्या अंगाला झिजून तयार झालेला मुरूम, या तिन्ही वाटांनी पाणी आडवे सरकत असते. म्हणूनच मृगाच्या सरींत ठणठणीत कोरडे राहिलेले तळघर श्रावण-भाद्रपदात, पाऊस ओसरत असताना, एकाएकी पाझरू लागते. कारण मुरमाचा थर भरण्यास जे दोन महिने लागतात ते तेव्हा पूर्ण झालेले असतात. जंगली महाराज रस्त्यालगत पाताळेश्वराचे लेणे आहे. राष्ट्रकूटकालीन, आठव्या शतकातील हे काम रस्त्याच्या पातळीखाली एकसंध खडकात कोरलेले आहे, आणि ते अपुरे का राहिले याविषयी एक तर्क असा आहे की कोरता कोरता खडकात दोष आढळला आणि कारागिरांनी हात आखडता घेतला. तर्क खरा असो वा नसो, जमिनीखाली जागा करू पाहणाऱ्याने प्रथम खडकाचा कौल घ्यावा, ही समज त्यात आहे. धान्यासाठी पेवे खणणारा शेतकरीही गावातील उंच, निचऱ्याची, पांढरीची जमीन पाहूनच खोदीत असे, आणि आतून कडब्याचा थर लावूनच दाणा भरीत असे. काळ्या, पाणथळ जमिनीत पेव खणून नंतर ते कोरडे करण्याचा खटाटोप त्याने कधी केला नाही.

शहराच्या पाण्याचा इतिहास जो पाहील त्याला हेच दिसेल. कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणण्याचे काम नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास झाले. तो दगडी बंदिस्त नळ आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा प्रशस्त होता, त्याला ठिकठिकाणी उच्छ्वास होते, आणि वाटेत काळा हौद, बदामी हौद, बाहुलीचा हौद, नाना हौद असे हौद भरत जात. म्हणजे जमिनीखालील पाण्याला त्या काळच्या राज्यकर्त्यांनी वाट दिली, विसाव्याची ठिकाणे दिली आणि देखभालीची तजवीजही केली. त्याच काळात, एके काळी पेठांच्या भागातून मुठेस मिळणारा आंबिल ओढा पर्वतीच्या बाजूस वळविण्यात आला. पूर्वेकडील पेठांमधून वाहणारी नागझरी पुढे कित्येक ठिकाणी बांधकामांनी झाकली गेली. पृष्ठभागावरचा प्रवाह वळविता येतो, झाकता येतो. परंतु जमिनीखालच्या खडकाचा उतार कोणाच्या हुकमाने बदलत नाही, आणि जुन्या पात्राच्या गाळावर जे घर उभे आहे त्याच्या तळघरात पाणी येणे हा गवंड्याचा दोष असतोच असे नाही. तळघराच्या दुरुस्तीचा विचार करणाऱ्या प्रत्येक मालकाने आपल्या परिसराचा जुना नकाशा पाहावा, शेजारच्या आडाला भाद्रपदात पाणी किती हातांवर असते ते विचारावे, आणि मगच ठेकेदाराशी बोलावे, असे मी आग्रहाने सांगेन. ॲक्वाडॅम या पुण्यातीलच संस्थेने शहराच्या भूजलाचा अभ्यास केलेला आहे. आपल्याच गावात ही विद्या उपलब्ध असताना ती न विचारता लाखो रुपये भिंतीत घालणे मला अनाठायी वाटते.

आता दाबाचा हिशेब पाहू, कारण सर्व लेपांची परीक्षा तेथेच होते. पाण्याची उंची १ मीटर असेल तर तळाशी दर चौरस मीटरवर सुमारे १ टन भार पडतो. तळघराची जमीन भोवतालच्या पाण्याच्या पातळीखाली २ मीटर असली आणि तिचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर असले, तर पाणी त्या जमिनीला खालून सुमारे १०० टन जोराने उचलू पाहते. इमारतीच्या मूळ नकाशातच हा भार धरून भक्कम सळईचा स्लॅब खाली घातलेला असेल तर चिंता नाही. परंतु जुन्या बांधकामांत मुरमावर सोलिंग, त्यावर साधे काँक्रीट आणि वर शहाबादी फरशी एवढेच असते, आणि अशी जमीन आजवर टिकली ती बऱ्याच अंशी ती गळत होती म्हणूनच. गळतीतून दाब मोकळा होत होता. ती गळती वरून घट्ट बंद केली की दाब साठतो, आणि एखाद्या ओल्या वर्षी फरशी फुगते, तडकते किंवा कोपऱ्यातून पाणी उसळते. लेपाचेही तसेच. बाहेरून, म्हणजे मातीच्या बाजूने, दिलेला लेप पाण्याच्या दाबाने भिंतीला अधिक चिकटतो. आतून दिलेला लेप त्याच दाबाने भिंतीपासून सुटू पाहतो. म्हणून नव्या बांधकामात भिंतीच्या बाहेरून शहाबादी फरशीची पेटी करण्याची जी आपल्याकडील रीत आहे, ती तत्त्वतः योग्य आहे. मात्र जमिनीचा स्लॅब आणि भिंत यांचे काँक्रीट वेगवेगळ्या दिवशी ओतले जाते, त्या दोहोंमधील सांध्यात रबरी किंवा पीव्हीसीची पट्टी बसविली नसेल, तर बाकीची सारी मेहनत त्या एका रेषेतून वाया जाते.

पेठांतील अडचण ही की भिंतीच्या बाहेर खणावयास जागाच नाही. शेजाऱ्याची भिंत हातभर अंतरावर असते, क्वचित दोघांची भिंत सामाईक असते. अशा ठिकाणी दाबाशी झुंजण्यापेक्षा पाण्याला आतल्या बाजूने रीतसर वाट द्यावी. भिंतीच्या पायथ्याशी चर खणून त्यात छिद्रांचा पाइप, भोवती खडी, तिच्यावर गाळ रोखणारे कापड, आणि सर्व चरांचे पाणी ज्यात उतरेल असा एक खड्डा व त्यात आपोआप चालू होणारा पंप, हा बंदोबस्त रंगापेक्षा खर्चिक आहे, दिसावयास ओबडधोबड आहे, परंतु पाण्याच्या स्वभावाला धरून आहे. उपसलेले पाणी स्वच्छ असेल तर ते गटारात सोडू नये. बागेस, संडासास, गाड्या धुण्यास ते पुरते. एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये: छत डोक्याला लागते म्हणून तळघराची जमीन आणखी हातभर खोल करणे. शेजारच्या जुन्या वाड्याचा पाया बहुधा त्याच पातळीला येऊन थांबलेला असतो, आणि त्याच्या खालची माती मोकळी झाली की संकट दोन घरांवर येते.

सगळी ओल जमिनीतून येते असेही मानू नये. चैत्र-वैशाखात जी ओल दिसते ती पावसाची नव्हे. ती फुटलेल्या नळाची, तुंबलेल्या चेंबरची किंवा गच्चीवरून उतरणाऱ्या पन्हळीच्या निखळलेल्या तोंडाची असते, आणि तिला प्लंबर पुरतो. उलट आषाढात थंड भिंतीवर जे दवासारखे थेंब जमतात ते हवेतील बाष्पाचे असतात. परीक्षा सोपी आहे: हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एकदोन दिवस ठेवावा, वरच्या बाजूस पाणी जमले तर ते हवेचे, मागच्या बाजूस जमले तर ते भिंतीचे. भिंतीचे पाणी आपल्याबरोबर क्षार आणते, पाणी उडून जाते, क्षार मागे राहून पांढरा लोणा फुलतो आणि गिलाव्याचे पोपडे पाडतो. अशा भिंतीवर तैलरंग देणे म्हणजे तिचा श्वास कोंडणे होय. चुन्याच्या गिलाव्याने जुन्या वाड्यांच्या भिंती शंभर-दीडशे वर्षे सुकत राहिल्या, त्याचे कारण चुना ओल आत धरून ठेवीत नाही. तळघरात आजही चुन्याचा गिलावा करवून घेणे शक्य आहे, आणि तो करणारे कारागीर शोधण्याचा त्रास घ्यावा, असे माझे मत आहे.

एवढे सारे करून तळघर कोरडे झाले, तर तेथे राहावे काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्यशासनाने मंजूर केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत तळघराच्या वापरांचा जो तपशील आहे त्यात वाहनतळ, साठवण, तिजोरीची खोली, यंत्रसामग्री असे वापर येतात; निवासास मुभा नाही. हा निर्बंध जाचक आहे अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे, आणि घरातील एक खोली वाढावी या इच्छेमागील निकड मला पूर्णपणे मान्य आहे; तथापि हा नियम योग्य आहे असेच मी म्हणेन. कोथरूड, पाषाण, बाणेरच्या उतारांवर ज्या घरांचा खालचा मजला मागून जमिनीत आणि पुढून उघड्यावर आहे, जेथे ऊन येते, खिडकी उघडते आणि दारातून थेट अंगणात पाऊल पडते, त्या मजल्याचा विचार वेगळा करता येईल. तेथे मागच्या भिंतीचे पाणी बाहेर काढले की, रीतसर मंजुरी घेऊन, राहण्यास हरकत नसावी. चारी बाजूंनी जमिनीत गाडलेल्या आणि एकाच जिन्याने वर येणाऱ्या खोलीचा प्रश्न मात्र ओलीपाशी संपत नाही.

या शहराने पूर पाहिले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत काय घडले ते सांगणारी माणसे आजही आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यासह शहरात आलेल्या पुराने वीसहून अधिक जीव घेतले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणाच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्यात गेली, आणि त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तिघे जण विजेच्या धक्क्याने मरण पावले. पाणी आणि वीज एका खोलीत आली की पोहता येणेही उपयोगाचे नसते. त्यानंतर दोनच दिवसांनी दिल्लीच्या राजेंद्रनगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. त्या तळघराला परवानगी साठवणीची होती. नदी किंवा नाला भरला की पावसाळी गटारातील पाणी उलटे फिरते, आणि सर्वांत खालचे तोंड तळघराचेच असते. पंप ज्या विजेवर चालतो ती वीज नेमकी त्याच वेळी बंद करावी लागते.

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले वर्षानुवर्षे लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करतात. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघे राहतात, मेसमध्ये जेवतात, आणि दिवसाचे दहाबारा तास अभ्यासिकेत बसतात. भाडे परवडावे म्हणून यांतील काही अभ्यासिका तळघरांत चालतात. कुबट वास, पंख्याची घरघर आणि डोक्यावर ट्यूबलाइट अशा स्थितीत ती मुले राज्याचा भूगोल पाठ करीत असतात. त्यांच्यापैकी कोणी तक्रार करीत नाही, कारण तक्रारीनंतर ती जागाही जाईल ही त्यांना धास्ती असते. केवळ कुलूप लावण्याची मोहीम काढली तर ही धास्ती खरी ठरेल. म्हणून माझी सूचना दुहेरी आहे. दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी महापालिकेच्या बांधकाम आणि अग्निशामक खात्यांनी पेठांतील तळघरांची एकत्र पाहणी करावी; दुसरा जिना आहे काय, विजेचे मीटर वर घेतले आहेत काय, गटाराच्या नळावर पाणी उलटे न येऊ देणारी झडप आहे काय, एवढ्या तीन बाबी तपासून निष्कर्ष इमारतीच्या दर्शनी भागी लावावा. आणि जी अभ्यासिका बंद करावी लागेल तिच्या मुलांना, सायंकाळनंतर रिकाम्या असणाऱ्या महापालिकेच्या शाळांचे वर्ग, पहारेकऱ्याच्या आणि दिव्यांच्या खर्चाएवढ्या माफक शुल्कात, रात्री अकरापर्यंत उघडून द्यावेत. त्यासाठी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष उघडावे आणि आरंभ नदीजवळच्या पेठांतील शाळांपासून, येत्या जूनच्या आत, करावा.