गुटगुटीत, मग जाड्या

अडीच वर्षांचा असताना मी गावच्या सुदृढ बालक स्पर्धेत पहिला आलो होतो. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. आई अजून त्यात रवा ठेवते. बाराव्या वर्षी त्याच आईनं एका लग्नात, भर पंगतीत वाढप्याला सांगितलं, "याला जिलेबी नको." पंगत हसली. रात्री कोठीच्या खोलीत जाऊन मी सात जिलेब्या खाल्ल्या.

मधल्या काळात मी काय गुन्हा केला होता? ताटात वाढलेलं संपवत होतो, एवढंच.

आपल्याकडे पोराचं वजन पोराचं नसतंच. लहानपणी ते आईबापांचं प्रगतिपुस्तक असतं. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हे ऐकायला सगळे आसुसलेले. पोर वयात आलं की तेच वजन रातोरात त्याचा आळस ठरतं. (आमच्या ऑफिसातही रिलीज फसली की असंच होतं.)

"आमचं बाळ बारीकच जन्मलं, भरवायला नको?" पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानानं टिकून होती. अशा बाळावर पुढे भराभर वजन चढवणं म्हणजे मधुमेहाला आमंत्रण देणं. तरी पोरानं तोंड फिरवलं की आपण कार्टून लावतो आणि घास कोंबतो.

बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं २०१५मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी उंची-वजनाचे सुधारित तक्ते दिले. लसीकरणाचं कार्ड कपाटात गेलं की ते बघतो कोण? मार्क मात्र दशांशासकट पाठ. पीटीचा तास गणिताला दिला तर पालकसभा खूश. सोसायटीच्या मोकळ्या जागेत पार्किंग. आणि मग पोराला म्हणायचं, जरा पळत जा. कुठे, लिफ्टमध्ये?

गेल्या महिन्यात ताई आली होती. भाचा चार वर्षांचा. आई त्याची दृष्ट काढत होती.

"जरा जास्तच वाटतो ना गं?" ताईनं विचारलं.

"मोठा झाला की उतरेल आपोआप."

"माझं उतरलं?" मी म्हटलं.

आई काही बोलली नाही. भाच्यानं पुरे म्हणून मान फिरवली, तेव्हा तिनं माझाच मोबाइल उचलला आणि कार्टून लावलं.