पडद्यावरचा भाई आणि कोर्टाच्या पायरीवरचा पोरगा

कसबा बावड्यात पहाटे फिरायला निघालो की पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे आम्हाला रोज दिसतात. पोलीस मुख्यालय इथेच, जिल्हा न्यायालयही इथेच. त्यांतलाच एक तरुण मागे आमच्याकडे आला. मित्राच्या वाढदिवसाला भर चौकात तलवारीने केक कापला, सिनेमातल्या भाईचे संगीत लावून त्याची चित्रफीत मोबाईलवर टाकली. शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल झाला. मैदानी आणि लेखी परीक्षा पास झालेला पोरगा चारित्र्य पडताळणीत अडकला. "वकीलसाहेब, नुसती ॲक्टिंगच केली हुती ओ," एवढेच तो म्हणत राहिला. कायद्याच्या पुस्तकात ॲक्टिंगला सूट नाही!

ही ॲक्टिंग आली कुठून? १९९९ साली महेश मांजरेकरांचा 'वास्तव' आला. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. मुंबईच्या चाळीतला बेकार रघू पावभाजीची गाडी लावतो, भांडणात हातून खून होतो आणि तो टोळीत ओढला जातो. शेवटी जन्मदात्री आईच त्याला गोळी घालते. पण शेवट कुणाच्या लक्षात राहिला? लक्षात राहिली ती गळ्यातली सोन्याची जाड साखळी. मंत्री रघूला वापरतो आणि गरज संपताच वाऱ्यावर सोडतो, हे दिग्दर्शकाने दाखवले होते. आपल्या पोरांनी ते पाहिलेच नाही. आजही प्रत्येक वस्तीत कुणी ना कुणी मंत्री आहे, आणि त्याला निवडणुकीपुरता रघू हवा आहे.

त्याच १९९९ साली महाराष्ट्रात मोक्का लागू झाला. साधारणपणे पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. मोक्कामध्ये अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरू शकतो. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या चोरी, हिसकावणी, जुगार अशा गुन्ह्यांना किमान एक आणि कमाल सात वर्षांची शिक्षा आहे. सिनेमाने पोरांना टोळीची ऐट दिली, कायद्याने टोळीची शिक्षा दिली. ऐट पडद्यावर राहते, शिक्षा वस्तीत येते.

या पार्श्वभूमीवर नागराज मंजुळेंच्या 'झुंड'कडे (२०२२) आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कामावर तो आधारलेला आहे. पडद्यावर बाबासाहेबांची जयंती पाहून आपण टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्या होत्या. पण चित्रपटाचे खरे दुखणे पुढे आहे. चेंडू खेळून पोरगा परदेशी स्पर्धेपर्यंत पोचतो आणि पोलिसांतली नोंद त्याच्या पासपोर्टच्या आड येते. ही कल्पना नव्हे. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो आणि न्यायालयाची परवानगी आणावी लागते. रघूचा शेवट गोळीने झाला. आमच्या पोरांचा शेवट बहुतेक वेळा तारखेने होतो. पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख, आणि तोवर भरतीचे वय उलटून गेलेले!

माणसाच्या कपाळावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारणे या देशाला नवे नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. त्या बेड्या १९५२ साली सुटल्या. पण कोल्हापूरने त्याच्या कितीतरी आधी वेगळी वाट दाखवली होती. ज्यांचे जन्मस्थळ आमच्या बावड्यात आहे त्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरीची सक्ती बंद केली. आज हजेरीची वही नाही, पण तडीपारी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली शिक्षा झालेली नसतानाही माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येते. नोटीस येते तेव्हा म्हणणे मांडण्याचा हक्क असतो, आदेशावर ३० दिवसांत अपील असते. हे वस्तीत किती जणांना ठाऊक आहे?

बांधवांनो, व्यवस्था दोषी आहे एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. रात्री पोराला पोलिसांनी उचलले की आई आधी कुणाकडे धावते? भाईकडे. कारण भाई दार उघडतो. तो जामीनदार देतो आणि मग त्या पोराचे पुढचे आयुष्य वसूल करतो. टोळीची भरती सिनेमागृहात होत नाही, ती या दाराशी होते. ते दार चळवळीचे का नाही?

म्हणून आमचे तीनच सांगणे. पहिले, जयंतीच्या फलकावर भाईचा फोटो नको, वर्गणीही नको. दुसरे, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली अनुसूचित जातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे प्रत्येक बुद्धविहाराच्या भिंतीवर लिहा, खाली वस्तीतल्या दोन वकिलांचे नंबर लिहा. तिसरे, नोकरीच्या अर्जात गुन्हा लपवू नका. निर्दोष सुटलेला पोरगाही लपवाछपवीमुळे नोकरी गमावतो, हे आम्ही पाहिले आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. तडीपारीसाठी मुंबईची वारी आता नाही. वकिलांनी चाळीस वर्षे झगडून मिळवलेली ही सोय वस्तीपर्यंत पोचवणे आमच्यासारख्यांचे काम आहे.

त्या भरतीच्या पोराचा खटला अजून चालू आहे. तो पहाटे अजून धावतो. त्याचे वय उलटण्याआधी निकाल लागावा म्हणून आम्ही प्रत्येक तारखेला उभे राहतो. तुमच्या वस्तीतल्या पोरासाठी कोण उभे राहते, ते आज घरी जाताना विचारून पाहा.