सेवायात्रेला निघण्यापूर्वी



अमरावती-अकोल्याकडची कितीतरी घरे आता अर्धी इथे आणि अर्धी परदेशात आहेत. मुलांकडे पाच-सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना तिथल्या चर्चची एक प्रथा जवळून दिसते. दहा-पंधरा दिवसांसाठी स्वयंसेवकांची तुकडी एखाद्या गरीब देशात जाते. कुठे नेत्रशिबिर भरवते, कुठे शाळेची भिंत बांधते. निवृत्त शिक्षक, परिचारिका वा अभियंता असलेल्या पाहुण्यांनाही आग्रहाचे निमंत्रण येते. मन लगेच होकार देते. घरचे मात्र वय मोजू लागतात. अशा वेळी निर्णय कसा घ्यावा?

या यात्रांचे दुसरे टोक आपल्या वऱ्हाडाने पाहिलेले आहे. १८७४ साली डब्लिन येथे आरंभ झालेल्या कुष्ठरोग मिशनचे रुग्णालय अचलपूर-परतवाड्याजवळ कोठारा येथे आहे. एके काळी समुद्रापलीकडून माणसे येऊन जे काम करीत, ते आज आपलेच डॉक्टर आणि परिचारिका करतात. कुष्ठरोगाचा औषधोपचार रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने चालतो; बधिर पाय रोज भिजवणे, तेल लावणे, जखम झाली का ते पाहणे हे तर जन्मभराचे व्रत. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला ते पाळता येत नाही. फार तर शिकवून जाता येते. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले, तेही तिथल्या रुग्णांमध्ये राहून. म्हणून संयोजकांना पहिला प्रश्न हाच विचारावा : आम्ही परतल्यावर हे काम कोण पुढे नेणार?

थोड्या मुदतीची सेवा व्यर्थ असते, असा याचा अर्थ नव्हे. पंढरपूरला जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत प्लास्टिक सर्जन होते. ते दरवर्षी भारतात येत आणि दुभंगलेल्या ओठांच्या मोफत शस्त्रक्रिया करीत. १९७८ च्या मोटार अपघाताने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवले, पुढे कर्करोगाने आवाज हिरावला. तरी २०११ मध्ये निधन होईपर्यंत हे व्रत त्यांनी सोडले नाही. त्यांच्या सेवेला दोन आधार होते. ज्यात हात मुरलेला, तेच काम ते करीत. आणि शिबिर भरवण्याचा, रुग्ण आणण्याचा भार इथल्या संस्था उचलीत. आपणही तोलून पाहावे. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या हातांनी सत्तरीत विटा उचलण्यापेक्षा औषधांच्या साठ्याची नोंदवही लिहावी. ती उपयोगी पडते आणि कंबरही शाबूत राहते.

आता शरीराविषयी. अर्जात रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार लपवू नये. दुर्गम गावी आपण आजारी पडलो, तर तिथला एकुलता एक डॉक्टर आपल्याच उशाशी अडकतो. ज्यांच्यासाठी गेलो, ते दाराबाहेर थांबतात. निघण्यापूर्वी दीड-दोन महिने आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते आणि तिचा दाखला १० दिवसांनंतर ग्राह्य होतो. साठीनंतर ही लस प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या आपल्या नेहमीच्या औषधांना चालतात का, हेही विचारावे.

औषधे मूळ वेष्टनातच न्यावीत. चिठ्ठीवर त्यांची शास्त्रीय नावे लिहून घ्यावीत, कारण आपल्याकडची व्यापारी नावे परदेशी दुकानदाराला कळत नाहीत. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. घड्याळ बदलले की डोसाची वेळ कशी बदलायची, हे लिहून घ्यावे. लांबच्या विमानप्रवासात पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून अधूनमधून उठून चालावे आणि पाणी पीत राहावे. मुलांकडे जाताना घेतलेला विमा त्या तिसऱ्या देशात, आणि जुन्या आजारासाठी, लागू आहे का ते तपासावे. तसेच मुलांच्या देशात पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा आहे ना, याचीही खात्री करावी.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांसाठी एक शब्द. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असताना आपल्याला असे जावेसे वाटले, तर त्यात अपराध नाही. मात्र औषधांचे वेळापत्रक, पथ्य, डॉक्टरांचा दूरध्वनी असे सारे लिहून, बदली येणाऱ्याला निदान आठवडाभर आपल्यासोबत काम करू द्यावे. रुग्णाला न सांगता निघू नये. ‘कधी परत येणार?’ या त्याच्या प्रश्नाला नेमकी तारीख द्यावी आणि ती पाळावी.

आणि डॉक्टरांनी नकार दिलाच, तर खट्टू होऊ नये. वऱ्हाडातल्या कोणत्याही शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात खेड्यातून आलेली एखादी आजी हातात कागद घेऊन खिडकी शोधत असते. तो कागद वाचून तिला योग्य रांगेत पोहोचवायला पारपत्र लागत नाही.